बुरुजाच्या पायातील माणूस

आपल्याकडे जुन्या किल्ल्यांविषयी एक दंतकथा ठिकठिकाणी सांगितली जाते. बुरूज बांधून होई आणि ढासळे. पुन्हा बांधावा, पुन्हा ढासळावा. अखेर कोणीतरी सांगे की, पायात जिवंत माणूस पुरल्याशिवाय हा बुरूज उभा राहणार नाही. मग एखाद्या गरिबाघरचा मुलगा किंवा नुकतीच लग्न होऊन आलेली सून शोधली जाई आणि बुरूज उभा राही. या कथांत खरे किती आणि खोटे किती, हा प्रश्न वेगळा. पण त्या ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. बुरूज कोणासाठी बांधायचा, पायात कोणाला पुरायचे आणि हे ठरवायचे कोणी, या तीन प्रश्नांना तीन निराळी माणसे उत्तरादाखल पुढे येतात. किल्ल्याच्या धन्याने स्वतःच्या वारसाला पायात ठेवल्याचे सहसा ऐकू येत नाही.

अडाणी काळातील या गोष्टी म्हणून आपण त्या सोडून देतो. परंतु विसाव्या शतकात, छापील आराखडे आणि आकडेवारी हाती घेऊन, विज्ञानाचे नाव घेत एका शासनाने हेच केले. आज त्याचा विचार आपण एका प्रश्नाच्या अनुषंगाने करू या. पुढच्या पिढीच्या सुखासाठी आजच्या पिढीतील माणसे खर्ची घालण्याचा अधिकार कोणाला आहे का? प्रश्न जुना असला तरी मिटलेला नाही. कोठेही मोठे बांधकाम निघाले आणि कोणाचे तरी घर उठले की, ‘विकासासाठी थोडी किंमत मोजावीच लागते’ हे वाक्य कानी पडते. या वाक्यातील ‘किंमत’ हा शब्द आपण नीट तपासून पाहिला पाहिजे.

सोव्हिएत रशियातील पहिली पंचवार्षिक योजना १९२८ मध्ये सुरू झाली. देश प्रामुख्याने शेतकऱ्यांचा होता. पहिले महायुद्ध, क्रांती आणि यादवी यांनी तो खिळखिळा झाला होता. कारखाने उभारायचे, धरणे बांधायची, लोखंड आणि पोलाद निर्माण करायचे आणि हे सारे काही वर्षांतच करायचे, असा निर्धार करण्यात आला. प्रगत देशांच्या आपण पन्नास ते शंभर वर्षे मागे आहोत आणि हे अंतर दहा वर्षांत तोडले नाही तर आपण चिरडले जाऊ, असे स्टालिन यांनी फेब्रुवारी १९३१ मध्ये कारखान्यांच्या व्यवस्थापकांना बजावले होते.

न्यायाने बोलायचे तर जे साध्य झाले तेही सांगितले पाहिजे. १९२८ मध्ये त्या देशात सुमारे ४३ लाख टन पोलाद तयार होत होते. १९३७ मध्ये हे उत्पादन सुमारे १ कोटी ७७ लाख टनांवर गेले. कोळशाचे उत्पादन साडेतीन कोटी टनांवरून पावणेतेरा कोटी टनांच्या घरात पोहोचले. निरक्षर शेतकऱ्यांची मुले अभियंते झाली. आपल्यापैकी ज्यांचे वय आज साठीच्या पुढे आहे, त्यांना रशियातून मराठीत अनुवादित होऊन आलेली स्वस्त आणि सुबक पुस्तके आठवत असतील. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला तो त्याच देशाच्या साहाय्याने. आपल्या कामगार वस्त्यांतील अनेक सज्जन माणसांनी त्या देशाकडे आशेने पाहिले. गरिबाला न्याय मिळावा ही त्यांची तळमळ खोटी नव्हती आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. उलट, ती तळमळ खरी असल्यामुळेच पुढे जे सांगायचे आहे ते अधिक गंभीर ठरते.

यंत्रे बाहेरून आणावी लागत होती. ट्रॅक्टरच्या कारखान्यांचे आराखडे अमेरिकेतून, अवजड यंत्रे जर्मनीतून. त्यांचे पैसे परकीय चलनात द्यायचे आणि परकीय चलन मिळवायचे तर विकायला मुख्यतः धान्य. नेमक्या याच सुमारास जागतिक मंदी आली आणि धान्याचे भाव कोसळले. म्हणजे तेवढ्याच यंत्रांसाठी अधिक धान्य बाहेर पाठवणे आले. १९३० आणि १९३१ या दोन वर्षांत मिळून जवळपास १ कोटी टन धान्य निर्यात झाले. १९३२ मध्ये खेड्यांत उपासमार पसरलेली असतानाही सुमारे १७ लाख टन धान्य जहाजांत भरले गेले. हे धान्य हाती यावे म्हणून शेतकऱ्यांच्या जमिनी आणि जनावरे एकत्र करून सामूहिक शेते बनवण्यात आली. ज्यांनी विरोध केला, किंवा ज्यांच्याकडे शेजाऱ्यापेक्षा एखादी गाय अधिक होती, त्यांना ‘कुलाक’ म्हणजे शोषक ठरवून हद्दपार केले गेले. उरल पर्वताच्या दक्षिणेकडील उजाड माळावर माग्नितोगोर्स्क हे पोलादाचे शहर उभे राहिले. तेथे राबायला असे हजारो हद्दपार शेतकरी सहकुटुंब आणले गेले आणि त्यांनी तेथील पहिले हिवाळे तंबूंत काढले. पुढे दुष्काळ आला. युक्रेन, उत्तर कॉकेशस, व्होल्गाकाठ आणि कझाकस्तान या प्रदेशांत मिळून ५० लाखांहून अधिक माणसे मेली.

यांपैकी कझाकस्तानाची हकिकत आपल्याकडे सर्वांत कमी ठाऊक आहे. ती माणसे आपल्याच उम्मतमधील होती एवढ्यासाठीच ती सांगायची असे नाही. भुकेला धर्म विचारला जात नाही. पण आपल्या बांधवांचे दुःख आपल्यालाच ठाऊक नसावे, हेही बरे नव्हे.

कझाक लोक पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या, घोडे, उंट आणि गुरे पाळत. त्यांचा प्रदेश म्हणजे स्तेप, दूरवर पसरलेले गवताळ माळ. तेथे पाऊस कमी आणि थंडी जीवघेणी. एका जागी राहून शेती केली तर जमीन दोन-चार वर्षांत थकते, म्हणून ते ऋतूप्रमाणे जनावरांसह फिरत. उन्हाळ्यात एका कुरणावर, हिवाळ्यात दुसऱ्या आश्रयाला. दूध, घोडीच्या दुधाचे आंबवलेले पेय आणि मांस हा त्यांचा आहार होता. जनावरे विकून ते शेतकऱ्यांकडून धान्य घेत. त्या जमिनीवर जगण्याचे शहाणपण शेकडो वर्षांत त्यांनी असे कमावले होते. त्यांच्यात सधन कुटुंबाने आपली दुभती जनावरे गरीब नातलगांना वापरायला देण्याची रीत होती. एखाद्या कडक हिवाळ्यात कोणाचा कळप गारठून मेला, तर ते कुटुंब या आधारावर पुन्हा उभे राही.

आराखडे करणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र हे भटके जीवन म्हणजे मागासलेपण होते. या प्रजासत्ताकाचा कारभार १९२५ पासून पक्षाचे चिटणीस फिलिप गोलोश्चेकिन यांच्या हाती होता. मोठ्या क्रांतीचे वारे कझाकांच्या वस्त्यांपर्यंत पोहोचलेच नाही, तेथे आता एक ‘छोटी ऑक्टोबर क्रांती’ घडवली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. ऑगस्ट १९२८ मध्ये हुकूम निघाला आणि ‘बाय’ म्हणजे श्रीमंत पशुपालक ठरवलेल्या सुमारे ७०० कुटुंबांची जनावरे जप्त करून त्यांना दूर हाकलण्यात आले. त्याच सुमारास मशिदी बंद होत होत्या, मुल्ला आणि मौलवी पकडले जात होते, आणि शतकानुशतके वापरातील अरबी लिपीही काढून टाकली जात होती. संकटकाळी लोक ज्यांच्या दारी जात, ती दारे एकेक करून अशी बंद झाली.

त्यानंतर ठरावीक धान्याची मागणी आली. ज्यांनी कधी नांगर धरला नाही, त्यांच्याही माथी धान्य मारले गेले. तेव्हा त्यांनी जनावरे विकली, धान्य विकत घेतले आणि तेच सरकारला दिले. मग मांसाची मागणी आली, कारण मॉस्को आणि लेनिनग्राड येथील कामगारांना मांस हवे होते. कळप गोळा करून सामूहिक गोठ्यांत आणले गेले. तेथे चारा नव्हता, निवारा नव्हता, रोगराई मात्र होती. १९३१ च्या उन्हाळ्यात अवर्षणही पडले. पण अवर्षणे त्या लोकांनी पूर्वीही पाहिली होती. या वेळी निराळे हे होते की, चालते राहून जीव वाचवण्याची वाट बंद होती आणि कळप त्यांचे राहिले नव्हते. चार-पाच वर्षांच्या आत कझाकस्तानातील जनावरांची संख्या सुमारे ४ कोटींवरून सुमारे ४५ लाखांवर आली. जेथे दूध आणि मांस हेच अन्न, तेथे याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको.

सुमारे १५ लाख माणसे मेली. त्यांत कझाक सुमारे १३ लाख होते, म्हणजे त्या समाजातील दर तीन जणांमागे एकाहून अधिक. दहा लाखांहून अधिक लोक घरदार सोडून चीनकडे, सायबेरियाकडे, शेजारच्या किरगिझ आणि उझबेक प्रदेशांकडे निघाले. चीनची सीमा ओलांडताना काही जण गोळ्यांना बळी पडले. रेल्वेच्या स्थानकांवर, रस्त्यांच्या कडेला, बर्फात प्रेते पडून राहिली. वाचकहो, आपल्यात कोणी परका मुसाफिर मेला तरी त्याला गुस्ल देऊन, कफन घालून, जनाजाची नमाज अदा करून मूठमूठ माती देणे हे वस्तीवर फर्ज असते. तेथे माती देणारेही उरले नव्हते. कझाक भाषेत त्या काळाला ‘आशार्शिलिक’ म्हणतात. उपासमार, एवढाच त्याचा अर्थ.

आता पुन्हा त्या ‘किंमत’ शब्दाकडे येऊ.

किंमत म्हणजे काय? मी बाजारात जातो, वस्तू निवडतो, माझ्या कमाईतून पैसे देतो आणि वस्तू घरी आणतो. घेणारा मी, देणाराही मी, आणि नको असेल तर नाही म्हणण्याची मुभाही माझीच. या तीन गोष्टी असतील तरच त्या व्यवहारात ‘किंमत’ हा शब्द शोभतो. मी शेजाऱ्याच्या घरात शिरून त्याची शेळी उचलली, ती विकून माझ्या घरावर कौले चढवली आणि वर म्हटले की, या छपराची मोठी किंमत मोजावी लागली, तर आपण काय म्हणाल? शेळी कोणाची आणि छप्पर कोणाचे, हेच आपण आधी विचाराल. स्तेपवरील पशुपालकाला कोणी विचारले नव्हते. पोलाद त्याच्या दारी येणार नव्हते. त्याच्याकडून जे घेतले गेले, त्याला किंमत म्हणणे हे त्याच्यावर झालेले दुसरे जुलूम आहे, कारण त्या शब्दाने लूट व्यवहार ठरते आणि मारला गेलेला माणूस त्यातील एक राजीखुशीचा पक्ष ठरतो.

आपल्या भाषेत ‘पायाचा दगड’ हा मोठा सन्मानाचा शब्द आहे. कळस सर्वांना दिसतो, पायाचे दगड मातीआड राहतात, म्हणून आपण त्यागी माणसांना ही उपमा देतो. जो स्वतः होऊन पायात उतरला, त्याला ती शोभते. ज्याला हातपाय बांधून पायात लोटले, त्याला ती लावणे म्हणजे मारेकऱ्याच्या हातून मृताला हार घालणे होय. त्याग आणि बळी यांतील अंतर एवढेच आहे की, त्यागात माणूस स्वतःला देतो आणि बळीत दुसऱ्याला देतो.

यावर काही आक्षेप घेतले जातात. ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप असा की, एका पिढीने सोसले म्हणून पुढच्या अनेक पिढ्या सुखी झाल्या, तेव्हा एकूण हिशेब फायद्याचाच आहे. हा हिशेब वरवर बिनचूक वाटतो. पण यात माणसे नाण्यांसारखी मोजली आहेत. माझ्या खिशातील एक नाणे गेले आणि दोन आली, तर मला फायदा झाला. एक माणूस गेला आणि दोन जन्मले, तर फायदा कोणाला झाला? गेलेल्याला तर नाही. त्याचे आयुष्य त्याला एकदाच मिळाले होते. आपली श्रद्धा आहे की, प्रत्येक जीव अल्लाहची अमानत आहे. अमानत ज्याच्या हाती असते तो तिचा मालक नसतो. मग ती सौद्यात लावण्याचा अधिकार त्याला कोठून येणार? शासन हे तर मालक नव्हेच, ते फार तर राखणदार. राखणदारानेच कोठारातील धान्य विकून वाडा बांधला तर वाडा कितीही सुंदर असो, राखणदार दोषी ठरतो. शिवाय उद्याच्या ज्या पिढीच्या नावाने हे केले, तिनेही ते मागितले नव्हते. मेलेल्यांचा होकार नाही आणि न जन्मलेल्यांचाही नाही. होकार होता तो फक्त मधल्या काही खुर्च्यांचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ते पोलाद नसते तर १९४१ मध्ये हिटलरच्या रणगाड्यांपुढे तो देश टिकला नसता आणि मग जगाचे काय झाले असते? नाझी जुलमाचा पराभव ही मानवजातीवर मोठी कृपा होती आणि त्यात त्या देशातील माणसांनी सर्वांत अधिक रक्त सांडले, हे निर्विवाद आहे. पण कोणत्या माणसांनी, हेही पाहावे. मुहमेत शायाख्मेतोव नावाच्या एका कझाक गृहस्थांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. वडिलांवर कुलाकाचा शिक्का बसला आणि ते तुरुंगात मेले. मुलाने उपासमारीत वणवण केली. तोच मुलगा पुढे स्टालिनग्राडच्या लढाईत लढला. म्हणजे देशाला वाचवायला ज्यांचे हात लागले, त्यांच्याच घरादारांची राख आधी करण्यात आली होती. त्या उपासमारीत जी मुले मेली, तीही १९४१ मध्ये तरुण असती. जनावरांचे कळप असते. भुकेने एक संपूर्ण समाज मोडून काढल्याने देश बलवान झाला, असे म्हणण्यासाठी तेवढेच मरण अपरिहार्य होते हे सिद्ध करावे लागेल. माळावर चाऱ्यावाचून मेलेल्या कोट्यवधी मेंढ्यांनी कोणते पोलाद वितळवले? त्या नासाडीतून कारखान्यालाही काही मिळाले नाही. त्यातून निष्पन्न झाली ती फक्त वर पाठवायची टिपणे.

तिसरा आक्षेप असा की, भांडवलदारांनी आणि साम्राज्यवाद्यांनी काय कमी माणसे मारली? हा आक्षेप खरा आहे आणि तो आपण मान्य केला पाहिजे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सोलापूर, नगर, विजापूर या भागांत माणसे तडफडून मरत असताना हिंदुस्थानातून धान्य परदेशी जातच होते. १९४३ मध्ये बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसे मेली, ती ब्रिटिश अमलातच. बाजाराच्या नावाने मारलेला माणूस आणि योजनेच्या नावाने मारलेला माणूस, दोघांची भूक सारखीच असते. पण एकाचे पाप दाखवल्याने दुसऱ्याचे पुसले जात नाही. उलट, यातून धडा निघतो तो कोणत्याही एका झेंड्यापुरता राहत नाही. ज्या सत्तेला खालून प्रश्न विचारता येत नाही, तिच्या हाती धान्याच्या कोठाराची किल्ली असणे हे माणसासाठी सर्वांत मोठे संकट आहे.

हा प्रश्न विचारण्याचा यत्न तेथे कोणी केलाच नाही, असे नाही. जुलै १९३२ मध्ये पाच जणांनी गोलोश्चेकिन यांना पत्र लिहून खरी परिस्थिती सांगितली. पुढे कझाक भाषेतील थोर लेखक म्हणून नावाजलेले गबित मुस्रेपोव हे त्यांपैकी एक. तुरार रिस्कुलोव हे पक्षातील मोठ्या पदावरील कझाक नेते. त्यांनी थेट स्टालिन यांना पत्रे पाठवली. हे रिस्कुलोव प्रगतीचे विरोधक नव्हते. सायबेरियाला मध्य आशियाशी जोडणारा सुमारे १,४४० किलोमीटरचा तुर्कसिब लोहमार्ग १९२७ ते १९३० या काळात बांधला गेला, त्याला साहाय्य करणाऱ्या समितीचे ते प्रमुख होते. रेल्वे हवी, शाळा हव्यात, कारखाने हवेत, पण माणसे जिवंत ठेवून हवीत, एवढेच त्यांचे सांगणे होते. १९३८ मध्ये त्यांना गोळी घालण्यात आली. त्याच लोहमार्गाचा मार्ग ठरवण्यात ज्यांचा वाटा होता, ते पहिले कझाक रेल्वे अभियंता मुहमेदजान तिनिशपायेव यांना १९३७ मध्ये ठार करण्यात आले. गोलोश्चेकिन यांना १९३३ च्या आरंभी पदावरून काढले गेले, आणि १९४१ मध्ये त्यांनाही त्याच शासनाने गोळी घातली. सांगणारा गेला, बांधणारा गेला आणि हुकूम राबवणाराही गेला.

भुकेल्यांना त्या शासनाने कसे वागवले, हे एका कायद्यावरून कळते. ७ ऑगस्ट १९३२ रोजी हुकूम निघाला की, सामूहिक शेतातील धान्य चोरणाऱ्याला मृत्युदंड द्यावा आणि काही सवलतीचे कारण असेल तर किमान दहा वर्षे कैद. लोक त्याला ‘कणसांचा कायदा’ म्हणू लागले, कारण कापणीनंतर शेतात पडलेली कणसे वेचणाऱ्या बायाबापड्याही त्याखाली पकडल्या गेल्या. ते शेत काही वर्षांपूर्वी त्यांचेच होते.

येथे आपल्याला आपल्या इतिहासातील एका वर्षाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. हिजरी सन १८ मध्ये अरबस्तानात भयंकर दुष्काळ पडला. वारा राखेसारखी धूळ उडवी म्हणून त्या वर्षाला ‘आमुर्रमादा’ म्हणजे राखेचे वर्ष असे नाव पडले. तेव्हा हजरत उमर (रजि.) खलीफा होते. इस्लामी इतिहासात नोंद आहे की, लोकांना मिळत नाही तोवर आपण तूप आणि मांस खाणार नाही, असे त्यांनी ठरवले आणि तेलावर दिवस काढता काढता त्यांच्या चेहऱ्याचा रंग काळवंडला. त्यांनी सीरिया आणि इतर प्रांतांकडून धान्याचे काफिले मागवले. आणि त्या वर्षी चोरीची शिक्षा त्यांनी स्थगित ठेवली, कारण भुकेने व्याकूळ होऊन अन्न उचलणारा आणि चोर यांत फरक असतो. न्यायाचा कायदा तोच होता, पण तो लागू करण्यापूर्वी शासनाने आधी स्वतःचे कर्तव्य तपासले.

तेराशे वर्षांच्या अंतराने घडलेले हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हीकडे दुष्काळ आहे, दोन्हीकडे बलाढ्य शासन आहे. एका ठिकाणी शासक आपले ताट प्रजेच्या ताटाशी जुळवतो. दुसऱ्या ठिकाणी प्रजेचे ताट आराखड्याशी जुळवले जाते. एका ठिकाणी शासकाला भीती आहे की, कोठे कोणी उपाशी राहिले तर जाब मलाच विचारला जाईल. दुसऱ्या ठिकाणी शासकाला कोणीच जाब विचारणार नसतो, आणि आखिरतही त्याने नाकारलेली असते. हे सांगताना आपण स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये. मुस्लिम म्हणवणाऱ्या राजांनीही प्रजेच्या घामावर आणि रक्तावर महाल उभारले आहेत, आणि आजही अनेक उंच इमारतींच्या पायात दूरदेशींच्या मजुरांचे हाल गाडलेले असतात. हजरत उमर (रजि.) यांचे नाव घेणे सोपे आहे. त्यांचे तूप सोडणे अवघड आहे.

या कहाणीत अखेरची एक गोष्ट राहिली आहे. जानेवारी १९३७ मध्ये सोव्हिएत देशात जनगणना झाली. तिच्या प्रपत्रात श्रद्धेविषयीही प्रश्न होता. वीस वर्षांच्या निरीश्वरवादी प्रचारानंतरही, भीती असूनही, सोळा वर्षांवरील निम्म्याहून अधिक लोकांनी आपण श्रद्धाळू असल्याचे लिहून दिले. आणि एकूण लोकसंख्या भरली सुमारे १६ कोटी २० लाख. शासनाने जेवढी अपेक्षिली आणि जाहीरही केली होती, त्याहून ती कितीतरी कमी होती. मेलेली माणसे अशी आकड्यांतून बोलू लागली होती. तेव्हा शासनाने काय केले? जनगणनाच रद्द केली. निष्कर्ष दडपले गेले. मोजणी करणाऱ्या प्रमुख संख्याशास्त्रज्ञांना अटक झाली आणि त्यांपैकी काहींना गोळ्या घातल्या गेल्या. माणसांना आधी जगण्यातून वगळले, मग हिशेबातून.

वाचक बंधू-भगिनींनो, मला वाटते, या साऱ्या दुःखाचा गाभा येथे आहे. जे शासन माणसांना किंमत म्हणून मोजते, तेच अखेर मोजणीला भिते. कारण खरी मोजणी झाली तर व्यवहाराची लूट उघडी पडते. आणि येथेच आपल्या श्रद्धेचा अर्थही कळतो. इस्लामपूर्व अरबस्तानात मुली जिवंत पुरल्या जात. त्या मुलींचा कोणी हिशेब ठेवला नव्हता. पण दिव्य कुरआन आपल्याला शिकवतो की, हिशेबाच्या दिवशी पुरलेल्या मुलीचीही बाजू विचारली जाईल, तिचा अपराध कोणता होता हे विचारले जाईल. किती आराखडे पूर्ण झाले, किती टन पोलाद निघाले, हे तेव्हा तिच्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकणार नाही. बुरुजाच्या पायातील माणूस त्या दिवशी बाहेर येऊन उभा राहील.

तो दिवस येईपर्यंत आपले काम काय? मोठ्या योजनांचे आराखडे आपल्या हाती नसतात. पण माणसाला किंमत म्हणून मोजण्याची सवय लहान जागीच लागते. कारखान्यात वेळेवर माल हवा म्हणून कामगाराला धोक्याच्या यंत्रापुढे उभा करणारा मालक, घराचे बांधकाम लवकर संपावे म्हणून मजुराच्या मुलाबाळांचा निवारा न पाहणारा घरधनी, नव्या रस्त्याने आपल्या दुकानाचा भाव वाढेल म्हणून उठवल्या जाणाऱ्या वस्तीविषयी गप्प राहणारा व्यापारी, हे सारे त्याच हिशेबाचे लहान विद्यार्थी आहेत. आपण स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. जे जाणार आहे ते माझे आहे का? ज्याचे जाणार आहे त्याला विचारले का? आणि त्याला ‘नाही’ म्हणता येते का? यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर आपण किंमत देत नसून घेत आहोत, हे ओळखावे आणि हात मागे घ्यावा.

कझाकस्तानात दरवर्षी ३१ मे रोजी त्या काळातील दडपशाहीच्या आणि उपासमारीच्या बळींचे स्मरण केले जाते. दीर्घकाळ ज्यांचे नावही मोठ्याने घेता येत नव्हते, त्यांच्यासाठी आता त्यांचे पणतू हात उचलून दुआ करतात. त्यांची जनाजाची नमाज राहून गेली. आपणही त्यांच्या मगफिरतसाठी दुआ करू या, आणि त्याबरोबर हेही मागू या की, आपल्या हातून बांधल्या जाणाऱ्या कोणत्याही भिंतीच्या पायात दुसऱ्याचे माणूस नसावे. आमीन.